मसुदा आणि इस्लाह : लिहिण्याच्या दोन बैठका

१९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्याच वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद डॉ. यू. म. पठाण यांच्याकडे होते. तेव्हापासून मुस्लिम मराठी साहित्याविषयी जी चर्चा होत आली, तिचा बराचसा भाग आशयाभोवती फिरत राहिला आहे. मुस्लिम मराठी साहित्य कशाला म्हणायचे, त्याची परंपरा शेख महंमदांच्या 'योगसंग्रामा'पासून धरायची की हमीद दलवाईंच्या कथांपासून, त्याने समाजाची बाजू मांडायची की समाजाला आरसा दाखवायचा, असे ते प्रश्न आहेत. ते महत्त्वाचे आहेत यात शंका नाही. परंतु एक साधा प्रश्न परिसंवादाच्या विषयपत्रिकेवर क्वचितच येतो. आपले लेखन कागदावर उतरते कसे? पहिल्यांदा लिहिणे आणि नंतर ते तपासणे ही दोन कामे आपल्याकडे वेगळी ठेवली जातात काय?

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे की ही दोन कामे वेगळी ठेवणे कोणत्याही लेखकाच्या हिताचे असले, तरी मुस्लिम मराठी लेखकाच्या बाबतीत तो केवळ लेखनतंत्राचा भाग राहत नाही. तो लिहायला बसला की त्याच्या खांद्यावरून डोकावणारी माणसे इतरांपेक्षा संख्येने जास्त असतात. ती पहिल्याच बैठकीला हजर राहिली, तर जे लिहायचे ते कागदावर येण्याआधीच खोडले जाते. म्हणून पहिली बैठक एकांताची हवी आणि दुसरी मसलतीची. दोहोंपैकी एक जरी चुकली तरी लेखन अधुरे राहते, आणि आपल्या बऱ्याच लेखनातला उणेपणा इथेच आहे असे आम्हांला वाटते.

ही गोष्ट आपल्याला परकी नाही. 'मसुदा' हा शब्द आपण मराठीत रोज वापरतो. विधेयकाचा मसुदा असतो, करारनाम्याचा मसुदा असतो. हा शब्द अरबी 'मुसव्वदा'वरून आला. त्याच्या मुळाशी काळेपणाचा अर्थ आहे. मुसव्वदा म्हणजे काळे केलेले पान, खाडाखोडीसह शाईने भरलेले. त्याच्या जोडीचा शब्द आहे 'मुबय्यजा', म्हणजे पांढरे केलेले पान, स्वच्छ उतरवलेली प्रत. शेर टिपून ठेवण्याच्या वहीला उर्दूत 'बयाज' म्हणतात, तीही याच पांढरेपणाच्या नात्यातली. म्हणजे काळे पान वेगळे आणि पांढरे पान वेगळे, ही समज त्या भाषेने शब्दांतच बांधून ठेवली आहे. मराठीने मसुदा घेतला आणि कचेरीत नेऊन बसवला. मुबय्यजा मात्र आपल्याकडे आलाच नाही. कथा-कवितेच्या बाबतीत आपण पहिल्याच फटक्यात पांढरे पान लिहायला बसतो ते त्यामुळे नव्हे, पण दोन्ही गोष्टी एकमेकींना शोभतात खऱ्या.

या दोन पानांच्या मध्ये उर्दू परंपरेने आणखी एक पायरी ठेवली होती, ती इस्लाहची. शागिर्दाने गझल लिहायची, उस्तादाला दाखवायची आणि उस्तादाने ती दुरुस्त करायची. इस्लाह शब्दाचे मूळ आणि आपल्या मराठीतल्या 'सल्ला' नि 'मसलत' या शब्दांचे मूळ एकच आहे. दुरुस्तीत दोष काढणे आले, तसे समजावणे आणि जुळवणेही आले, हे त्यावरून लक्षात येते. गालिब आपले शागिर्द मुन्शी हरगोपाल तफ्ता यांच्या रचनांवर टपालाने इस्लाह करीत असे. एखादा शब्द का बदलला, याची कारणे तो पत्रांत लिहून कळवी. यातला क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. शागिर्द लिहीत असताना उस्ताद शेजारी बसून प्रत्येक शब्दाला हात धरीत नसे. आधी लिहून होई, मग ते पान प्रवासाला निघे.

खुद्द गालिबच्या लिहिण्याची एक हकीगत हालींनी 'यादगार-ए-गालिब' (१८९७) मध्ये सांगितली आहे. गालिब पुष्कळदा रात्री शेर रचीत असे. एक शेर जमला की तो कमरबंदाला एक गाठ मारी. अशा आठ-दहा गाठी मारून तो झोपी जाई आणि दुसऱ्या दिवशी आठवून आठवून एकेक गाठ सोडीत शेर कागदावर उतरवी. ही हकीगत गालिबच्या स्मरणशक्तीचे कौतुक म्हणून सांगितली जाते. आम्हांला तिच्यात दुसरेही काही दिसते. रात्रीचा माणूस आणि सकाळचा माणूस वेगळे होते. रात्री कागद, कलम, दौत काहीच नव्हते. म्हणजे खोडण्याची सोयच नव्हती. सकाळी कलम हातात होते आणि रात्रीची धुंदी उतरलेली होती. जे सकाळपर्यंत टिकले ते लिहिण्याच्या लायकीचे, ही पहिली चाळणी त्यातच होऊन जात असणार.

पुढची चाळणी त्याहून कठोर होती. गालिबचा उर्दू दीवान १८४१ साली छापला गेला तेव्हा त्यात हजार-अकराशे शेरच होते. त्याने लिहिलेले त्याहून कितीतरी अधिक होते. भोपाळला त्याच्या दीवानाचे १८२१ सालचे एक हस्तलिखित सापडले, त्यावरून १९२१ साली 'नुस्खा-ए-हमीदिया' प्रसिद्ध झाला आणि चोविसाव्या वर्षापर्यंत लिहिलेले, पण पुढे स्वतःच बाजूला काढलेले गालिबचे शेर वाचकांसमोर आले. ते वाचताना कळते की या माणसाने अवघड, दुर्बोध, फारसीने ओथंबलेले असे पुष्कळ आधी मनसोक्त लिहून घेतले. ते लिहिण्यापासून त्याने स्वतःला रोखले नाही, छापण्यापासून रोखले. हा फरक आम्हांला या लेखात पुन्हा पुन्हा सांगायचा आहे.

आता आपल्या लेखनाकडे वळू. उदाहरणासाठी एक कथा कल्पू. बाप वारला आहे. मागे एक घर राहिले आहे. शरीअतने बहिणीला त्यात वाटा दिला आहे, भावाच्या निम्मा का होईना. भाऊ पाच वक्त नमाजी, हज करून आलेला. तो एके दिवशी हक्कसोडपत्र आणि शाईचा पॅड घेऊन बहिणीच्या दारात येतो आणि म्हणतो, इथे अंगठा लाव. बहीण सातवीपर्यंत शिकलेली आहे. ती म्हणते, "अंगूठा कायकू? मेरेकू सही आतीच की."

कथेचा सगळा जीव या एका वाक्यात आहे. ती सही करणार आहे, हक्क सोडणार आहे. पण अंगठा लावणार नाही. मान राखून हरणे कसे असते ते या वाक्यातून समजते. अशी वाक्ये सोलापूर, लातूर, सांगलीकडच्या आपल्या घरांत रोज बोलली जातात. पण आपला लेखक ही कथा लिहायला बसतो तेव्हा हे वाक्य कागदावर येते काय? बहुतेक वेळा येत नाही. कागदावर येते ते असे : "अंगठा कशाला? मला सही करता येते." वाक्य शुद्ध आहे, अर्थही तोच आहे, परंतु बहीण खोलीतून निघून गेली आहे. हे बदलणारा कोण? तो शाळेतला मराठीचा शिक्षक, ज्याने कधीकाळी निबंधावर लाल शाईने रेघ ओढून 'घरची भाषा नको' असे बजावले होते. तो आता लेखकाच्या मनातच राहायला आला आहे. हा पहिला पहारेकरी.

गंमत अशी की ज्या भाषेची लाज वाटून ती गाळली जाते, तिच्यात मराठी ओतप्रोत भरलेली आहे. दखनीतला 'नको' मराठीचा, 'आतीच' मधला 'च' मराठीचा. उत्तरेकडच्या उर्दूवाल्यांनी दखनीला याच 'च'वरून आणि 'नको'वरून हसायचे आणि मराठी वर्गाने तिला 'मुसलमानी' म्हणून हसायचे, असा दुहेरी उपहास या बोलीच्या वाट्याला आला. कोकणातल्या मुसलमानांची घरची बोली आणखी वेगळी. पण तीही पुस्तकी मराठीच्या दारात चपला काढूनच आत येते. लेखकाने पहिल्या बैठकीतच प्रमाणभाषेचा पहारा बसवला, तर हे सगळे भाषिक धन त्याच्या हाताला लागण्याआधीच परत जाते.

याचा अर्थ कथा जशीच्या तशी दखनीत छापावी असा नाही. तो निर्णय दुसऱ्या बैठकीचा आहे, आणि त्या बैठकीत एकाहून अधिक वाटा असतात. नागपूरच्या किंवा सावंतवाडीच्या वाचकाला वाक्य कळेल की नाही, हा प्रश्न योग्यच आहे. तिथे लेखक असे लिहू शकतो : "अंगठा कायकू? मला सही येतेच की." यात 'कायकू' राहिले, 'च की' राहिले, मान वर करून बोलणारी बहीण राहिली आणि मराठी वाचकालाही अडचण पडली नाही. पण हा तिसरा पर्याय सुचण्यासाठी पहिले वाक्य कागदावर दिसावे लागते. मूळ वाक्य समोर असले तर त्यातले काय वाचवायचे ते ठरवता येते. ते लिहिलेच गेले नाही तर वाचवण्यासारखे काही उरत नाही.

दुसरा पहारेकरी आपल्या मोहल्ल्यातला आहे. तो विचारतो, हाजीसाहेबाला असे का दाखवलेस? दीनदार माणूस बहिणीचा हक्क मारतो, असे लिहून तू कोणाला खूश करतोस? आणि त्याच्या मागोमाग तिसरा पहारेकरी येतो. तो बाहेरचा वाचक आहे. तो काही विचारीत नाही, फक्त कथा संपल्यावर मान डोलावून म्हणतो, बघा, यांच्यात असेच असते. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबईनंतर लिहू लागलेल्या पिढीला हा तिसरा पहारेकरी विशेष जवळचा आहे. आपले प्रत्येक वाक्य आपल्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरले जाईल, ही भीती काल्पनिक नाही. तिला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही.

परंतु ही भीती पहिल्या बैठकीत काय करते ते पाहावे. लेखक एक तर ही कथा लिहीतच नाही. किंवा लिहितो, पण हाजीसाहेबाच्या जागी कोणी सावकार आणतो. किंवा भावाला शेवटी पश्चात्ताप करायला लावतो, आणि तो हक्कसोडपत्र फाडून बहिणीच्या पाया पडतो. आपल्या वार्षिकांतून, विशेषांकांतून असे किती पश्चात्ताप आपण वाचले असतील! ते पात्राला झालेले नसतात. ती लेखकाने पहारेकऱ्यांना दिलेली लाच असते.

आता हीच कथा दोन बैठकांत लिहून पाहू. पहिल्या बैठकीत लेखक भावाला हवे तेवढे वाईट करो. रागाने लिहो, अन्याय करून लिहो, बहिणीच्या तोंडी शिव्या घालो. ते पान कोणालाही दाखवायचे नाही. मग दिवस जाऊ द्यावेत. दुसऱ्या बैठकीत ते पान वाचताना लेखकाला आपोआप दिसते की भाऊ केवळ पुठ्ठ्याचा झाला आहे. असा प्रश्न पडतो की हा माणूस हक्कसोडपत्र आजच का घेऊन आला? मुलीच्या लग्नाचे कर्ज आहे काय? घर गहाण टाकायला सगळ्यांच्या सह्या लागतात म्हणून तो आला काय? आणि बहिणीने सही का केली? माहेरचे दार उघडे राहावे म्हणून? हे प्रश्न पडले की भाऊ माणूस होतो, बहीण माणूस होते, आणि मजहब बाजूला राहून घराघरांतला व्यवहार दिसू लागतो. हक्कसोडपत्रावर सह्या करणाऱ्या बहिणी कोणत्या एका धर्माच्या नाहीत, हेही मग वाचकाला सांगावे लागत नाही. भीतीपोटी हात आखडला असता तर कथेला गप्प राहण्यापलीकडे काही मिळाले नसते. संपादनाने तिला न्याय दिला. मोहल्ल्यातल्या वाचकाला आणि बाहेरच्या वाचकालाही ही दुसरी कथा तोंड देऊ शकते. पश्चात्तापाची कथा दोघांपैकी कोणालाच फसवू शकत नाही.

आणि तरीही, सगळे करून झाल्यावर लेखकाला वाटले की हे पान सध्या छापू नये, तर तो अधिकार त्याचा आहे. लिहिलेले पान पेटीत ठेवता येते. ते दहा वर्षांनी बाहेर काढता येते. न लिहिलेले पान वगळता येत नाही, ते केवळ हरवते.

पहिल्या बैठकीत वाचक घुसल्याची आणखी एक खूण आपल्या लेखनात ठायी ठायी दिसते. ती म्हणजे कंस. "अम्मी वुजू (नमाजपूर्वी हातपाय, तोंड धुणे) करून मुसल्ल्यावर (नमाज पढण्याचे आसन) बसली." या वाक्यातली अम्मी नमाजला बसलीच नाही, ती वाचकांना माहिती देत उभी आहे. लेखकाने घरातले दृश्य पाहता पाहता मध्येच मान वळवून अनोळखी पाहुण्याकडे पाहिले, त्याचा हा परिणाम. आधी कंसाशिवाय लिहावे. दुसऱ्या बैठकीत ठरवावे की कोणता शब्द मराठी वाचकाला ठाऊक आहे, कोणता संदर्भाने कळेल आणि कोणत्यासाठी वाक्यालाच थोडे काम करावे लागेल. "अम्मीने वुजू केला. ओले हात पदराला पुसले नाहीत, तसेच सुकू दिले आणि मुसल्ला अंथरला." इथे न समजण्यासारखे काय राहिले? उलट काही लेखनात अजान, सुरमा, शिरखुर्मा आणि कव्वाली मागणी असल्यासारखी हजेरी लावून जातात. तीही याच पहारेकऱ्याची करामत. फरक एवढाच की या वेळी त्याने गाळायला न सांगता सजवायला सांगितले आहे.

इथवर पहिल्या बैठकीविषयी बोललो. दुसरी बैठकच न झालेले लेखनही आपल्याकडे थोडे नाही, आणि त्याविषयी तितक्याच स्पष्टपणे बोलले पाहिजे. दंगलीवरची, संशयावरची, भाड्याने घर नाकारले जाण्यावरची कविता एका रात्रीत लिहिली जाते आणि दुसऱ्या दिवशी कविसंमेलनात वाचली जाते. टाळ्या मिळतात. त्या टाळ्या दुःखाला मिळालेल्या असतात, त्या आपल्या ओळींना मिळाल्या असे कवी समजतो. मग कोणी एखादी ओळ सैल आहे म्हटले, तर 'हा आमचा अनुभव आहे' असे उत्तर येते. अनुभव अस्सल असला म्हणून त्याचा पहिला मसुदाही अस्सल ठरतो, हे गृहीत आम्हांला मान्य नाही. पहिल्या मसुद्यात पुष्कळदा आपण नसतोच. वर्तमानपत्रातले मथळे, सभांतली भाषणे, आधी वाचलेल्या कविता असतात. घाईत हाताशी येतात ते उसने शब्द. आपला शब्द उशिरा येतो.

दलित साहित्याचे उदाहरण देऊन कच्चेपणाचे समर्थन केले जाते. तेही नीट वाचलेले नसते. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले आणि दाहक अनुभवाचे थेट कथन म्हणून ते गाजले. पण त्या पुस्तकाची रचना काय आहे? दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो आहे. सांगणारा एक आणि ऐकून लिहिणारा दुसरा, आणि दोघे एकच. ज्याने सोसले त्याला बोलू दिले आहे आणि ज्याच्या हाती लेखणी आहे त्याने त्याच्यापासून थोडे अंतर ठेवून ऐकले आहे. मसुदा लिहिणारा आणि तो तपासणारा यांची फारकत याहून चांगली कुठे दिसणार?

शायरीच्या प्रांतात याच हट्टाला 'आमद' असे भारदस्त नाव आहे. आपोआप आले ते आमद, ओढून आणले ते आवुर्द. आणि आमद श्रेष्ठ, अशी समजूत मराठी गझल लिहिणाऱ्या आपल्या मित्रांतही घट्ट आहे. हालींनी 'मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी'त १८९३ सालीच या समजुतीचा समाचार घेतला होता. द्राक्षातून आपसूक ठिबकणारा रस पिळून काढलेल्या रसाहून गोड, या दाखल्याने आमदवाले आपले म्हणणे पटवतात. हाली ते मानीत नाहीत. त्यांचे म्हणणे असे की कल्पना क्षणात सुचू शकते, पण तिला योग्य शब्दांचा पोशाख मिळायला वेळ लागतोच. घराचा नकाशा कारागिराच्या मनात झटकन उभा राहील, घर झटकन उभे राहत नाही. वाचताना जे सहज वाटते त्यामागे पुष्कळदा सर्वांत जास्त मेहनत असते. आमचे म्हणणे हालींच्या म्हणण्याशी जुळणारे आहे. फक्त आम्ही त्यात एवढीच भर घालू की आमद आणि आवुर्द हे कवितेचे दोन प्रकार नव्हेत. त्या एकाच कवितेच्या दोन बैठका आहेत.

यावर कोणी मंटोचे नाव घेईल. एका बैठकीत कथा उतरवणारा म्हणून त्याची ख्याती आहे. मुली गोंगाट करीत आहेत, पाहुणे येत आहेत आणि मंटो सोफ्यावर बसून लिहितो आहे, असे त्याने स्वतःच आपल्या लेखनपद्धतीविषयी लिहून ठेवले आहे. हे खरे. परंतु मंटोकडून घ्यायचे ते वेग नव्हे. अश्लीलतेचे खटले त्याच्यावर फाळणीआधीही झाले आणि नंतरही झाले. तरी न्यायाधीशाला त्याने आपल्या सोफ्यावर बसू दिले नाही. पहिल्या बैठकीचा एकांत त्याने कोलाहलातही राखला, ही त्याची खरी कमाई आहे.

दुसराही एक आक्षेप विचारात घेण्यासारखा आहे. लिहिणे आणि सुधारणे असे दोन तुकडे करता येत नाहीत, लिहिता लिहिताच माणूस शब्द बदलतो, असे अनुभवी लेखक सांगतात. तेही बरोबर आहे. 'घर' लिहून ते खोडून 'दार' लिहिणे याला आमची हरकत नाही. फरक कारणाचा आहे. दृश्य अधिक स्पष्ट दिसले म्हणून शब्द बदलला, तर ते लिहिणेच आहे. कोणी काय म्हणेल या विचाराने बदलला, तर पहारेकरी आत आला असे समजावे. लेखकाला हा फरक आतून बरोबर कळतो.

आता दुसऱ्या बैठकीच्या क्रमाविषयी दोन शब्द. आपल्याकडे संपादन म्हणजे शुद्धलेखन अशी समजूत आहे. वार्षिकाकडे साहित्य येते ते अगदी शेवटच्या आठवड्यात. मग संपादकमंडळ ऱ्हस्वदीर्घ नीट करते आणि अंक छपाईला जातो. वास्तविक शुद्धलेखन ही शेवटची पायरी आहे. आधी विचारावे की हे लेखन नेमके कशाविषयी आहे. मग पाहावे की काय गाळले तर ते अधिक उभे राहील. बहुतेक कथांची पहिली दोन पाने आणि शेवटचा परिच्छेद इथेच गळून पडतो. मग पाहावे की प्रत्येक पात्र आपल्याच तोंडाने बोलते आहे काय. आणि सर्वांत शेवटी शुद्धलेखनाचे नियम. १९६२ साली चौदा आणि १९७२ साली आणखी चार, असे अठरा नियम आपल्यापुढे आहेत. त्यांच्याशी आपले वैर असण्याचे कारण नाही. नुक्त्याचा प्रश्नही इथेच सोडवावा. नमाज, रमजान, जकात यांना नुक्ता द्यायचा की नाही? मराठीत 'जहाज' मधला ज नुक्त्यावाचूनही आपण नीट उच्चारतो, तेव्हा मराठी पुस्तकात नुक्ता सोडून देण्यास हरकत नसावी असे आमचे मत आहे. उर्दूत एका नुक्त्याने खुदाचा जुदा होतो हे मान्य. पण नुक्त्याच्या काळजीने पहिल्या बैठकीत कथाच जुदा व्हायची, हे त्याहून वाईट.

आज बरेच लेखन फोनवर होते. त्यात एक धोका आहे. कागदावर खोडलेली ओळ रेघेखालून दिसत राहते आणि परत घेता येते. फोनवर पुसलेली ओळ कायमची जाते. १८२१ चे ते हस्तलिखित उरले नसते, तर गालिबने काय गाळले ते आपल्याला कळले असते काय? म्हणून फोनवर लिहिणाऱ्याने पहिली प्रत तशीच ठेवावी आणि दुसरीवर काम करावे. आणि रात्री घर झोपल्यावर अर्धा तास मिळणाऱ्या आपल्या लेखिकांना तर आम्ही आग्रहाने सांगू की त्या अर्ध्या तासात नुसते लिहावे. तो अर्धा तास पहिले वाक्य घासण्यात गेला, तर वर्षभरात कथा पुरी होणार नाही. वाक्य घासायला भाजी निवडतानाचा वेळही चालतो.

शेवटी प्रश्न राहतो तो उस्तादाचा. इस्लाहची परंपरा उर्दूतही क्षीण झाली. मराठीत लिहिणाऱ्या मुसलमान तरुणाला तर ती मिळालीच नाही. शाळेत त्याला चुका दाखवणारे भेटले, संमेलनात टाळ्या देणारे भेटतात. पान हाती घेऊन 'हा शब्द का?' असे विचारणारे भेटत नाहीत. हे काम आपल्या वार्षिकांनी करायला हवे. साहित्य अंकाच्या चार महिने आधी मागवावे. एकेका लेखनासाठी दोन वाचक ठरवावेत. त्यांतला एक लेखकाच्या बोलीचा असावा आणि दुसरा त्या बोलीबाहेरचा. दोघांनी शेरे लिहून पान परत पाठवावे; पहिल्याने घरचे काय हरवले ते सांगावे आणि दुसऱ्याने कुठे अडखळलो ते सांगावे. शेवटचा शब्द लेखकाचा राहावा. आपल्या लेखन शिबिरांतूनही दोन दिवसांत कथा लिहून वाचून दाखवण्याऐवजी, आधीच लिहून आणलेल्या कथेवर दोन दिवस बसावे.

असे झाले तर अंकाची पाने कदाचित कमी होतील. त्याची खंत करू नये. हक्कसोडपत्रावर सही करणाऱ्या त्या बहिणीसारख्या कितीतरी बायका, बाप्ये आपल्या मोहल्ल्यांत बोलत आहेत. त्यांचे बोलणे आधी जसेच्या तसे पानावर येऊ द्यावे. ते पान काळे झाले तरी चालेल. पांढरे कसे करायचे ते मग सावकाश, चार माणसांच्या मसलतीने ठरवता येईल.